छोट्या गाडीचा कागद कसा वाचावा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दसरा किंवा पाडवा जवळ आला, की माझ्या गॅरेजवर गाड्या कमी आणि सल्ला विचारणारी माणसं जास्त येतात. प्रत्येकाच्या हातात शोरूममधून आणलेला गुळगुळीत कागद असतो. एका बाजूला गाडीचा चकचकीत फोटो, दुसऱ्या बाजूला आकड्यांचं कोष्टक. कोणी दौंडचे निवृत्त रेल्वे कर्मचारी असतात, कोणी न्हावऱ्याकडचे ऊसवाले शेतकरी, कोणी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे तरुण. घरात आजवर मोटारसायकल होती, आता पहिली चारचाकी घ्यायची आहे. पेट्रोलवर चालणारी, छोटी आणि खिशाला परवडणारी. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अ‍ॅव्हरेज किती देईल?"

या प्रश्नावर मी आधी एक हकीकत सांगतो. एका गृहस्थांनी अशीच अ‍ॅव्हरेज आणि किंमत हे दोनच आकडे पाहून गाडी घेतली. पहिल्याच महिन्यात आई, बायको आणि दोन मुलांना घेऊन ते शिरूरहून दौंडला निघाले. उसाचा हंगाम होता. न्हावऱ्याच्या पुढे उसाने भरलेली जोड ट्रॉली आडवी आली. समोर रस्ता मोकळा दिसला म्हणून त्यांनी गाडी बाहेर काढली, पाय दाबला, आणि गाडी काही पळेना. पाच माणसं, एसी चालू, टॉप गिअर. ट्रॉलीच्या बरोबरीने गाडी चालली आहे आणि समोरून मालट्रक येतो आहे, अशी ती काही सेकंदं. ट्रकवाल्याने गाडी खाली उतरवली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "इंजिनात काहीतरी दोष आहे. बघा." मी पाहिलं. दोष काहीही नव्हता. गाडी कागदावर लिहिल्याप्रमाणेच होती. कागदच अर्धा वाचला गेला होता.

म्हणून आजच्या या पंधरा मिनिटांत मला एकच गोष्ट सांगायची आहे. गाडीच्या कोष्टकातला कुठलाही आकडा एकटा वाचायचा नसतो. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो, आणि शेवटी आपला रस्ता ठेवावा लागतो.

आपल्याच तालुक्यातली गाडी

उदाहरण लांबून आणायला नको. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला फियाटचा कारखाना आहे. महागणपतीच्या दर्शनाला जाताना त्याचा पसारा आपण पाहिलेला असतो. फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतल्या या कारखान्यातून २००९ च्या जूनमध्ये ग्रँडे पुंटो ही हॅचबॅक बाजारात आली. हॅचबॅक म्हणजे मागे वेगळी डिकी बाहेर न आलेली, पाठीमागचा दरवाजा काचेसकट वर उघडणारी गाडी. फियाटच्या नव्या मोटारी आता भारतात विकल्या जात नाहीत. याच कारखान्यातून २०१७ पासून जीप कंपास आणि टाटांची नेक्सॉन बाहेर पडू लागली. पण पुंटोचे आकडे आजही शिकवण्यासारखे आहेत.

युरोपातली पुंटो ४०३० मिलिमीटर लांब होती. रांजणगावची पुंटो ३९८७ मिलिमीटर. युरोपात तिचं छोटं पेट्रोल इंजिन १२४२ सीसीचं होतं. आपल्याकडे ते ११७२ सीसीचं झालं. हे ४३ मिलिमीटर आणि ७० सीसी गेले कुठे? ते गेले करात. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या ठरली : लांबी चार मीटरच्या आत, आणि पेट्रोल इंजिन असेल तर १२०० सीसीपर्यंत. या व्याख्येत बसणाऱ्या गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या या फूटपट्टीने बेतल्या जातात. कोष्टकात ३९९५, ३९८७, ११९७, ११९९ असे आकडे वारंवार दिसतात, त्याचं कारण हेच. ही फूटपट्टी आजही कायम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापात बसणाऱ्या पेट्रोल गाडीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि वरचा उपकरही गेला.

तेव्हा पहिला धडा असा, की गाडीची लांबी आणि इंजिनाचा आकार हे दोन आकडे सगळेच तुमच्या सोयीसाठी ठरलेले नसतात. काही करासाठी ठरलेले असतात. चार मीटरमध्ये कोणी मागची बैठक ऐसपैस करतो आणि डिकी आवळतो, कोणी उलट करतो. एकूण लांबी पाहून आतली जागा कळत नाही. ती बसूनच कळते.

ताकद आणि वजन

दुसरा धडा वजनाचा. पुंटोचं हे १.२ पेट्रोल इंजिन ६८ अश्वशक्तीचं होतं. आता आजच्या मारुती आल्टो के-१० चं कोष्टक घ्या. इंजिन ९९८ सीसी, तीन सिलिंडर, ताकद साधारण ६७ अश्वशक्ती. म्हणजे दोन्ही गाड्यांची ताकद जवळपास सारखीच. मग पळायलाही सारख्याच असणार, असं आपल्याला वाटतं. पण पुंटोचं वजन अकराशे किलोच्या घरात होतं आणि आल्टोचं साडेसातशेच्या आसपास आहे. तेवढ्याच ताकदीला एकीकडे साडेतीनशे किलो जास्त ओढावे लागतात. म्हणूनच पुंटोच्या पेट्रोल गाडीला पिकअप नाही असं लोक म्हणत. इंजिन वाईट नव्हतं. फियाटच्या ज्या 'फायर' घराण्यातलं ते होतं, ते १९८५ पासून नावाजलेलं. ओझं जास्त होतं, एवढंच.

पण हिशेब इथे थांबवू नका. आता दोन्ही गाड्यांत पाच माणसं बसवा. सरासरी साठ किलो धरले तर तीनशे किलो झाले. अकराशे किलोच्या गाडीला हे ओझं तिच्या वजनाच्या २७ टक्के होतं. साडेसातशे किलोच्या गाडीला ते ४० टक्के होतं. म्हणजे हलकी गाडी एकट्या माणसाला घेऊन पाखरासारखी पळते, पण घर भरून बसलं की तिचा स्वभाव बदलतो. ज्या गृहस्थांची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, त्यांनी शोरूमच्या माणसाबरोबर दोघंच बसून ट्रायल घेतली होती. गाडी पळाली, ते खूश झाले. पाच जणांची गाडी त्यांनी पाहिलीच नव्हती.

याच ओळीच्या खाली टॉर्कचा आकडा असतो. तो बहुतेक जण सोडून देतात. अश्वशक्ती म्हणजे बैल किती जोरात चालतो ते, आणि टॉर्क म्हणजे तो खांद्याने किती ओढतो ते, असं ढोबळपणे समजा. चढावर, चिखलात, ओव्हरटेक करताना खांदा लागतो. आल्टो के-१० चा टॉर्क ८९ न्यूटन-मीटर आहे आणि त्याच्यापुढे ३५०० आरपीएम असं लिहिलेलं असतं. हा पुढचा आकडा महत्त्वाचा. इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेरे मारील तेव्हा खांद्याचा पूर्ण जोर मिळेल, असा त्याचा अर्थ. टॉप गिअरमध्ये पन्नासच्या वेगाने ट्रॉलीमागे चालताना इंजिनाचे फेरे त्याच्या किती तरी खाली असतात. म्हणून छोट्या पेट्रोल गाडीत ओव्हरटेक करताना आधी गिअर खाली घ्यायचा, वेळ पडली तर दोन खाली, एसी क्षणभर बंद करायचा, आणि मगच बाहेर पडायचं. इंजिन ओरडलं तर ओरडू द्या. त्या गृहस्थांना मी एवढंच शिकवलं. त्यांची गाडी तीच आहे आणि दोष निघून गेला आहे.

अ‍ॅव्हरेजचा आकडा कुठे जन्मतो

आता अ‍ॅव्हरेजकडे येऊ. आल्टो के-१० च्या साध्या गिअरच्या गाडीपुढे लिटरला २४.३९ किलोमीटर असा आकडा आहे. हा आकडा रस्त्यावर मोजलेला नसतो. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही संस्था आहे. तिथे किंवा तशाच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गाडीची चाकं लोखंडी रोलरवर फिरवली जातात. गाडी जागच्या जागी असते. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं, पुन्हा निघायचं. सगळं मिळून वीस मिनिटांच्या आत. वेग ताशी नव्वदच्या वर जात नाही. एसी बंद असतो. समोरून वारा नाही, खड्डा नाही, स्पीडब्रेकर नाही, डिकीत सासूबाईंनी दिलेलं लोणचं-पापडाचं सामान नाही.

मग हा आकडा खोटा का? मुळीच नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा दिली, की कोण पुढे, कोण मागे हे कळतं. त्याचा उपयोग तुलनेसाठी करायचा. वचन म्हणून तो वाचायचा नाही. माझ्या अनुभवात आपल्या रस्त्यांवर एसी लावून हा आकडा चौथा हिस्सा कमी धरावा, म्हणजे निराशा होत नाही.

आणि अ‍ॅव्हरेजच्या शेजारी आपले महिन्याचे किलोमीटर मांडा. एक गाडी प्रत्यक्षात लिटरला २२ देते, दुसरी १८. हिशेबासाठी पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. तुम्ही रोज रांजणगावला ये-जा करून महिन्याला हजार किलोमीटर चालवत असाल, तर दोन्ही गाड्यांच्या खर्चात महिन्याला साधारण एक हजार साठ रुपयांचा फरक पडतो. वर्षाला बारा-तेरा हजार. हा फरक मोठा आहे. पण तुमची गाडी आठवड्याला एकदा बाजाराला आणि महिन्यातून एकदा पाहुण्यांकडे जात असेल, चारशे किलोमीटरच होत असतील, तर फरक सव्वाचारशे रुपयांचा. तेवढ्यासाठी मागच्या सीटवर आईचे गुडघे अवघडत असतील, तर तो सौदा मी करणार नाही.

आपलाच ऊस, आपलीच टाकी

या हिशेबात अलीकडे एक नवी गोष्ट आली आहे आणि ती थेट आपल्या शेतातून आली आहे. घोड आणि भीमेच्या काठी आपण जो ऊस लावतो, त्याच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल होतं. मका आणि तांदळापासूनही होतं. ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचं प्रमाण वाढत वाढत २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचलं. पंपावर ई-२० असं लिहिलेलं असतं ते हेच. ऊसवाल्याला याचा आधार आहे, परदेशी तेलाचं बिल कमी होतं, हे मान्य. पण गाडीवाल्याने भौतिकशास्त्रही मान्य करावं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्क्यांचा तिसरा हिस्सा म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास. ई-२० साठी न बनवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी घटू शकतं, असं निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही म्हटलं होतं. लिटरला २० देणारी गाडी साडेअठरा-पावणेएकोणीसवर आली, तर लगेच मिस्त्रीला दोष देऊ नका.

एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे रबरी आणि धातूचे भाग ई-२० सोसतील असे असतात. काळजी जुन्या गाडीची. आपल्याकडे पहिली गाडी बहुतेकदा सेकंडहँडच असते. अशी गाडी घेताना इंधनाच्या नळ्या, सील, पंप तपासून घ्या, पुस्तिकेत काय लिहिलंय ते पाहा, आणि गाडी महिनोन् महिने तशीच उभी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत थोडंसंच पेट्रोल ठेवून गाडी पावसाळाभर गोठ्याशेजारी उभी, ही आपली सवय आता महाग पडू शकते.

उंची, डिकी आणि टाकी

ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर. पुंटोचं ते १९५ मिलिमीटर होतं, म्हणून गावरस्त्यावर ती घासत नसे. रेनॉच्या क्विडचं १८४, टाटा टियागोचं १७०. पण कंपन्या हे माप बहुधा रिकाम्या गाडीचं देतात. मागे तिघं बसले, डिकी भरली, की गाडी मागून बसते आणि नेमकी गावच्या वेशीतल्या उंच स्पीडब्रेकरवर घासते. उसाच्या मोसमात ट्रॅक्टरने दोन बाजूंना चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधे मातीचा उंचवटा राहतो. अशा वस्तीवरच्या रस्त्याला घर असेल, तर दहा-पंधरा मिलिमीटरचा फरक सायलेन्सर वाचवतो. घर दौंड किंवा शिरूर शहरात असेल, तर उंचीपेक्षा वळणाची त्रिज्या पाहा. आल्टोची साडेचार मीटर आहे. अरुंद गल्लीत, बाजारपेठेत हा आकडा रोज उपयोगी पडतो.

डिकी लिटरमध्ये मोजतात. आल्टो के-१० ची २१४ लिटर. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याच्या मापाने पाहिलं तर कागदावर दहा-अकरा डबे मावतील. प्रत्यक्षात मावत नाहीत, कारण डिकी डब्यासारखी चौकोनी नसते, तिला चाकांचे फुगवटे असतात. म्हणून आकडा वाचण्यापेक्षा घरातली नेहमीची बॅग नेऊन ठेवून बघा. शोरूमवाला हसला तर हसू द्या. मागची सीट पाडता येते का, अख्खी पडते की अर्धी, तेही बघा. कोणी कंपनीची सीएनजी गाडी घेत असेल, तर टाकी कुठे बसवली आहे आणि डिकीत काय उरलं आहे, हे आधी उघडून पाहावं.

पेट्रोलची टाकी आल्टोची २७ लिटरची. लिटरला १८ धरले तर ४८६ किलोमीटर. शिरूर ते पुणे साधारण सत्तर किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन तीन फेऱ्या निर्धास्त. हे झालं छोट्या टाकीचं वाचन.

एअरबॅग आणि सांगाडा

आता ज्या ओळीकडे आपण सगळ्यात शेवटी पाहतो, तिच्याकडे येऊ. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांत आपल्या चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलोही होती. पण पोलोचा सांगाडा टिकला होता. तीच गाडी दोन एअरबॅग बसवून पुन्हा आदळवली आणि तिला चार तारे मिळाले. काही गाड्यांचा मात्र सांगाडाच कोसळला होता. तिथे एअरबॅग लावूनही फारसा उपयोग झाला नसता, असं परीक्षकांचं म्हणणं होतं.

या एका प्रयोगात सगळं आलं. एअरबॅगचा आकडा सांगाड्याच्या शेजारी ठेवून वाचायचा. एअरबॅग म्हणजे पावसात उघडलेली छत्री. पण घराचं छप्परच कोसळलं तर छत्री काय करणार? त्या प्रयोगानंतर आपल्याकडे कायदे बदलले. एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासून, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सगळ्या मोटारींना सक्तीची झाली. पुढच्या दुसऱ्या सीटची एअरबॅग २०२१ अखेरपर्यंत आली. टियागोने २०२० मध्ये चार तारे मिळवले. आल्टो के-१० ला २०२३ च्या चाचणीत दोन तारे मिळाले, आणि २०२५ पासून तिच्या सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅग येऊ लागल्या. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणीही सुरू झाली आहे. तुम्ही पाहत असलेल्या गाडीला किती तारे आहेत, ते कुठल्या वर्षीचे आहेत, आणि तेव्हा तिला किती एअरबॅग होत्या, हे तिन्ही विचारा.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर २०१९ हे साल डोक्यात कोरून ठेवावं. त्याआधीच्या स्वस्त प्रकारांत एअरबॅगही नसे आणि एबीएसही नसे. एबीएसचं महत्त्व आपल्या भागात वेगळं आहे. कारखान्याच्या वाटेवर पहिल्या पावसात चिखल आणि उसाचं पाचट यांनी रस्ता साबणासारखा होतो. एकदम ब्रेक दाबला आणि चाकं जाम झाली, की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. एबीएस चाकं जाम होऊ देत नाही, म्हणून तुम्ही वाचवून काढू शकता. आणि कितीही एअरबॅग असल्या तरी पट्टा लावल्याशिवाय त्यांचा पूर्ण उपयोग नाही. मागे बसणाऱ्यांनीही लावायचा. लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसणं तर कायमचं सोडा.

एकाच आकड्याची गाडी

एकाच आकड्यावर भर दिला की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे नॅनो. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली. स्कूटरवर चौघं जाणारं भिजतं कुटुंब पाहून रतन टाटांना ती सुचली होती. हेतू किती मोठा होता! ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे बसवलेलं, ताकद ३५ अश्वशक्ती, वजन सहाशे किलो, लांबी ३.१ मीटर, आणि किंमत एक लाख. इतक्या छोट्या लांबीत चार माणसं आरामात बसतात, ही अभियांत्रिकीची कमालच होती. गल्लीत तिच्यासारखी वळणारी गाडी मी पाहिली नाही.

पण लोकांच्या मनात एकच आकडा राहिला, लाखाचा. त्या आकड्यासाठी काय सोडलं होतं, ते हळूहळू कळत गेलं. सुरुवातीच्या नॅनोचा मागचा दरवाजा उघडत नसे. डिकीत हात घालायला मागची सीट पाडावी लागे. टाकी पंधरा लिटरची. मघाच्याच हिशेबाने शिरूर-पुण्याची दुसरी फेरी संपता संपता ती कोरडी. मागचा उघडणारा दरवाजा आणि मोठी टाकी २०१५ च्या नॅनोत आली, तोवर वेळ गेली होती. २०१४ च्या त्या पाच गाड्यांतही नॅनो होती. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबल्यातच जमा झालं. आपल्याकडे माणूस पहिली गाडी घेतो ती नुसती पावसात भिजू नये म्हणून घेत नाही. दारात उभी राहिल्यावर शेजाऱ्याने चांगलं म्हणावं, म्हणूनही घेतो. 'सगळ्यात स्वस्त' हे शब्द त्याला दारात उभे करायचे नव्हते. मला स्वतःला या गाडीबद्दल हळहळ वाटते. जिच्यासाठी ती बनवली होती, ती चार माणसं आजही मोटारसायकलवर भिजत चालली आहेत.

शेवटचा कागद

श्रोते हो, कोष्टक वाचून झालं, की एक शेवटचं काम करा. शोरूममध्ये एकट्याने जाऊ नका. घरातली जी माणसं गाडीत बसणार आहेत, त्यांना सगळ्यांना न्या. आजींना मागच्या सीटवर चढून-उतरून पाहू द्या. ट्रायल भर दुपारी, एसी लावून, पूर्ण माणसांनिशी घ्या. आपल्या नेहमीच्या रस्त्यावर घ्या. कोणाची ती वाट न्हावऱ्याहून पारगावच्या पुलाकडे जाते, कोणाची पाटसहून दौंडला. एखादा चढ, एखादा स्पीडब्रेकर, एखादं ओव्हरटेक त्यात आलं पाहिजे. मग कोटेशनवर शोरूमची किंमत पाहू नका. नोंदणी, विमा धरून गाडी रस्त्यावर उतरण्याची किंमत पाहा. आणि गाडीची पहिली सर्व्हिस आपल्याच गावात होईल की त्यासाठी दिवस मोडून पुण्याला जावं लागेल, हे विचारा. हा आकडा कुठल्याच कोष्टकात छापलेला नसतो.

त्या गृहस्थांनी परवा मला एक कागद दाखवला. धाकट्या भावासाठी गाडी पाहायला गेले होते. शोरूमच्या कागदावर त्यांनी पेनाने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली होती : "पाच माणसं, एसी चालू, तिसऱ्या गिअरला बरी ओढते." मी त्यांना म्हटलं, आता तुम्हाला माझ्या सल्ल्याची गरज नाही. गाडीचा कागद तुम्हाला वाचता यायला लागला.